माझ्याच कागदावर भरलेला वर्ग

पुण्याहून अमरावतीला जाणारी माणसं बहुधा पुढे चिखलदऱ्याला जातात, तिथली कॉफी पितात आणि परत येऊन दरीचे फोटो दाखवतात. माझ्याजवळ एकही फोटो नाही. गेल्या हिवाळ्यात मी पाच दिवस वऱ्हाडात होतो आणि त्यातले दोन दिवस मी शाळेच्या वर्गात बसून काढले. परत आल्यावर शेजारचे विचारतात, काय पाहिलं? तेव्हा मी गिला वड्याचं वर्णन करतो. खरं काय पाहिलं ते इथे लिहितो.

बडनेऱ्यापर्यंत

अमरावतीला माझी भाची शुभदा असते. ती शिक्षकांना प्रशिक्षण देते. तिचा फोन आला होता, "मामा, आमचं शिबिर आहे. एक बाई मुलांचा वर्ग घेऊन दाखवणार आहेत, अकोल्याच्या. तुमच्याच जुन्या शाळेतल्या म्हणे. वनिताबाई." मी आडनाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मी इतकंच म्हणालो, "येतो."

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मी खिडकीशी सरकून बसलो. कपाशीची बोंडं फुटली होती, तुरीला पिवळी फुलं होती. इथून आत बसने तासाभरावर एका गावात मी तेवीस वर्षं मराठी शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होतो. गावाचं नाव देत नाही. तिथे आज राहणाऱ्यांचा त्यात दोष नाही.

ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. वक्तृत्व स्पर्धेत मुलं जी भाषणं करतात ती मुलांची नसतात. शिक्षक लिहून देतात, मुलं पाठ करतात. मी तर समासात 'इथे मूठ आवळणे', 'इथे दोन क्षण थांबणे' असंही लिहीत असे. माझ्या भाषणांनी शाळेला बऱ्याच ढाली मिळवून दिल्या होत्या.

तीसेक वर्षांपूर्वी सातवीतल्या वनिताला घेऊन मी जिल्ह्याबाहेर, अमरावतीला, एका स्पर्धेला गेलो. विषय होता 'अस्पृश्यता : एक संपलेले पर्व'. वनिता बौद्ध वस्तीतली. ती बोलली तर परिणाम अधिक होईल, असा माझा हिशेब. भाषणात मी लिहिलं होतं, 'आज आमच्या शाळेत सारी मुले एकाच माठातले पाणी पितात', आणि समासात 'इथे हसणे'. तिथवर ती न अडखळता आली. तिथे थांबली. मग म्हणाली, "हे सरांनं लिवून देल्लं. आमाले माठाले हात लावू देत नाई. शिपाई वरून वतते."

मी व्यासपीठावर गेलो. परीक्षकांना म्हणालो, "पाठांतर विसरली. घाबरून काहीबाही बोलतेय." दुसऱ्या दिवशी शाळेत तिला समोर बसवलं आणि एक माफीपत्र सांगितलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. शाळेविषयी असत्य बोलले, असं त्यात होतं. पहिल्या प्रतीवर शाईचा डाग पडला म्हणून मी दुसरी लिहवून घेतली. ती शाळेच्या फायलीत लागली. वर्ष संपताच वनिताने आमची शाळा सोडली.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. वनिताला एकटीला गाठून माफी मागायची, एवढंच मनाशी धरून निघालो होतो.

बडनेऱ्याला उतरताना चष्मा गाडीतच राहिला. स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याने माझं चाचपडणं पाहिलं आणि म्हणाला, "बाबाजी, बॅग इकडं द्या. दिसते का नाई? मंग एकटे कावून फिरून राहिले?" पुण्यात एवढं बोलायला ओळखीची दहा वर्षं लागतात. मला बरं वाटलं.

अमरावती

शुभदाने सकाळी गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडालेला वडा, वरून गोड-तिखट. आमच्या पुण्यातल्या दहीवड्याच्या कल्पनेला हा वडा धुडकावून लावतो. शुभदा म्हणाली, "चष्मा संध्याकाळी करू. वर्गात काय वाचायचंय तुम्हाला? ऐकायचंच आहे."

वाटेत तिने समजावून दिलं. मुलांना हुंडा, जात, मोबाईल, पाणी अशा आजच्या प्रश्नांवर बोलतं करायचं, पण भाषण करवायचं नाही. त्यासाठी थिंकिंग रुटीन असतात. म्हणजे विचार करण्याच्या काही ठरलेल्या पायऱ्या, रोज वापरून सवयीच्या झालेल्या. पहिली पायरी, काय दिसतं तेवढंच सांगा. दुसरी, त्यावरून काय वाटतं. तिसरी, कोणता प्रश्न पडतो. "पहिल्या पायरीवर मत दिलं की मुलंच एकमेकांना अडवतात," ती म्हणाली. मी मान हलवली. मनात म्हटलं, आम्हीही मुलांना बोलतं करत होतो की.

मी मागच्या बाकावर बसलो. सातवी-आठवीची पंचवीस-तीस मुलं, भिंतीकडेने शिबिराचे शिक्षक. वनिताबाई आल्या. मला धूसर आकृती दिसली: उंच, सुती साडी, कापलेले केस. आवाज मात्र ओळखीचा निघाला. त्यांनी पडद्यावर काहीतरी लावलं. मला नुसता पांढरा चौकोन दिसत होता.

"नावं झाकली आहेत," त्या म्हणाल्या. "कोणी वाचून दाखवेल?"

पुढची एक मुलगी उठली आणि खणखणीत वाचू लागली. "मी, खाली सही करणारी, इयत्ता सातवी, असे लिहून देते की, मी अनवधानाने व भीतीपोटी शाळेविषयी असत्य विधान केले. माझ्या या वर्तनाने शाळेच्या लौकिकास बाधा आली..."

तिच्या तोंडून मला माझा आवाज ऐकू आला. वाक्य कुठे तोडायचं, 'व' कुठे घालायचा, सगळं माझं. मी बाक धरून ठेवला. उठून जावं असं वाटलं आणि उठता आलं नाही.

"काय दिसतं?" वनिताबाईंनी विचारलं.

"अक्षर लहान पोरीचं हाये."

"वहीचा कागद हाये, फाडलेला."

"इथं शाई सांडली, खालती."

"ते रडली असन."

"थांब थांब," एक मुलगी त्या बोलणाऱ्या मुलावर डाफरली, "रडली ते दिसते का तुले? डाग दिसते. रडली हे वाटणं झालं."

वर्ग हसला. फळ्यावर खडू करकरत होता. दुसरी पायरी सुरू झाली.

"मले वाटते, हे तिनं नाई लिवलं," एक मुलगा म्हणाला. "म्हंजे लिवलं तिनंच, पण सांगतलं दुसऱ्यानं."

"कशावरून?"

"बाई, सातवीतली पोरगी 'लौकिकास बाधा' म्हनन का? माह्या बापाले बी नाई येत ते."

"मास्तरची भाषा हाये," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे शिक्षक हसले. शुभदाही हसली आणि हसता हसता तिने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून ती थांबली.

सात-आठ मिनिटं झाली असतील. तीस वर्षं मी जे दडवून ठेवलं होतं ते या मुलांनी, माझं नावगाव माहीत नसताना, एका कागदावरून काढलं होतं.

मग वनिताबाईंनी मूळ प्रसंग थोडक्यात सांगितला आणि दुसरा खेळ मांडला. प्रसंगात जी जी माणसं असतील त्यांच्या जागी उभं राहून बोलायचं. एक मुलगी परीक्षक झाली, एक माठ झाला (त्याला फार टाळ्या पडल्या), एक जण शिपाई. "सर कोण होतंय?" त्यांनी विचारलं. कोणी हात वर करेना. शेवटी एक किडकिडीत मुलगी उठली, कंबरेवर हात ठेवले.

"मी सर हाओ. मी लय मस्त भाषण लिवलं होतं. पयला नंबर आमचाच होता. या पोरीनं वाट लावली त्याची."

वर्ग पुन्हा हसला. शाळेचं नाव जाईल म्हणून मी तसं वागलो, गावात तणाव होईल म्हणून वागलो, अशी समजूत मी स्वतःची घालत आलो होतो. ती मुलगी म्हणाली तेच खरं होतं. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात पाण्याचा माठ नव्हता. ढाल होती.

वर्ग सुटला. मी बसूनच होतो. वनिताबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या, एक माझ्यासमोर ठेवला आणि बाजूच्या बाकावर बसल्या.

"नमस्कार, सर. चष्मा कुठे आहे?"

"गाडीत राहिला," मी म्हणालो. तीस वर्षांनी मी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"तुम्ही येणार ते शुभदाताईंनी सांगितलं होतं. त्यांना बाकीचं ठाऊक नाही. आज वर्गात वेगळाच कागद घ्यावा असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, मी काहून बदलू?"

"तो कागद... तुझ्याकडे कसा?" मी विचारलं, आणि 'तुझ्या' म्हणून गेलो हे लक्षात येऊन गडबडलो.

"डाग पडला म्हणून तुम्ही दुसरा लिहायला लावला ना? डाग पडला नव्हता, सर. पेन मी झटकला होता. मला एक पाहिजे होता. पहिला तुम्ही चुरगळून टाकला, तो मी खिशात घातला."

मला वाटत आलं होतं की पोरगी थरथरत होती. बारा वर्षांची ती पोर माझ्यासमोर बसून पुरावा तयार करत होती, आणि मी तिला 'नीट धर पेन' म्हणून ओरडलो होतो.

मी हात जोडले. माफी मागणारी वाक्यं पुण्याहून पाठ करून आणली होती. पहिलंच निम्मं झालं असेल, तिने हाताने थांबवलं.

"नको सर, हे नको. तुम्हाला बोलता चांगलं येतं, ते मला माहीत आहे. काय झालं ते कागदावर लिहून द्या. सही करून. अकोल्याला माझ्या वर्गात घेऊन या. पोरं पाहतील."

"मुलांसमोर?"

"माझा कागद मुलांसमोरच होता की."

अकोला

संध्याकाळी राजकमल चौकाजवळ एका टपरीवर तयार चष्मा घेतला आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर शुभदाच्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलं. शुभदाला आधी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मी तुमची भाषणं पाठ करूनच मोठी झाले." एवढंच म्हणून ती आत गेली. दुपारी तिने कढीगोळे केले होते. वाढताना तिने नेहमीसारखा आग्रह केला नाही.

अकोल्याला बसने गेलो. वनिताची शाळा बाजारापासून जरा लांब, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. वर्गाच्या भिंतीभर चिठ्ठ्या लावलेल्या. 'आधी मला वाटायचं...' आणि खाली 'आता मला वाटतं...' अशी दोन दोन वाक्यं प्रत्येक चिठ्ठीवर. एक अशी: 'आधी मला वाटायचं, आई दिवसभर घरीच असते. आता मला वाटतं, ती दिवसभर कामावर असते.' आम्ही वर्गात सुविचार लिहायचो. तो रोज बदलायचा, आणि तो कोणाचाच नसायचा.

वनिताने मुलांना सांगितलं, "हे माझे सर. आपण तो माफीचा कागद पाहिला होता ना? तो यांनी सांगितला होता. आज यांनी आपला कागद आणला आहे."

काही मुलांनी माझ्या पायांकडे पाहिलं, नमस्कार करायचा की नाही, या घोळात. मग माझा कागद पडद्यावर आला. मीच वाचला. 'शाळेत काही विद्यार्थ्यांना माठाला हात लावू दिला जात नसे. शिपाई वरून पाणी ओतत असे. स्पर्धेत वनिताने हे सत्य सांगितले. मी तिला खोटे ठरवले व खोटे माफीपत्र लिहवून घेतले. मी यासाठी दोषी आहे.' असं दीड पान. लिहिताना मला रडू आलं होतं. मला वाटलं, याहून अधिक माणूस काय लिहू शकेल?

"काय दिसतं?" वनिता म्हणाली.

"अक्षर लय चांगलं हाये."

"'दोषी' शब्द दोन डाव आला."

"वनिताबाईचं नाव हाये, शिपाई हाये, सर हायेत."

"काय वाटतं?"

"मले वाटते, सरले खरंच वाईट वाटून राहिलं." एका मुलाने असं म्हटल्यावर मी डोळे पुसले. इथे संपलं असतं तर मी समाधानाने पुण्याला आलो असतो.

"प्रश्न?"

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हातात पट्टी. तिने माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघून विचारलं, "शिपाई वरून वतत होता. त्याले तसं वताले सांगतलं कोनं?"

मी वनिताकडे पाहिलं. ती फळ्यावर प्रश्न लिहीत होती. वळली नाही.

तेव्हाचे मुख्याध्यापक वारले. शिपाई वारला. 'गावची रीत होती' असं म्हणता आलं असतं आणि ते निम्मं खरंही होतं. पण रीत माठाजवळ उभी नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाण्याची व्यवस्था माझ्याकडे आली. बौद्ध वस्तीतल्या मुलांचा हात माठाला नको म्हणत काही पालक आमच्या ओट्यावर येऊन बसले. आमचं घर भिक्षुकीचं, वडील त्याच लोकांकडे पूजा सांगायचे. मी शिपायाला बोलावलं आणि म्हणालो, "त्या मुलांना तू आपल्या हाताने देत जा, गोंधळ नको." मला अगदी सोपा तोडगा निघाल्यासारखं वाटलं होतं. शिपाई तेव्हा म्हणाला होता, "सर, लेकरं हायेत जी." हे सगळं मला त्या क्षणी, त्या वर्गात, पहिल्यांदा आठवलं. विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. तिकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

ती मुलगी आता माझ्याकडे वळली. "मंग ते लिवा ना, सर. कागदावर तं शिपायाचंच नाव हाये."

मी पुढे गेलो. टेबलावरचा पेन घेऊन दुसऱ्या ओळीखाली लिहिलं: 'शिपायाला तसे करण्यास मी सांगितले होते. त्याने हरकत घेतली होती, ती मी ऐकली नाही.' माझं चांगलं अक्षर वेडंवाकडं आलं.

त्यानंतर मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या. एकेक जण वाचत होतं. दोन वेण्यांच्या मुलीची पाळी आली. "आधी मले वाटे, असा अन्याय करनारा मानूस तोंडावरूनच ओळखू येते. आता मले वाटते, तो आमच्या आबाजीसारखा दिसते." चिठ्ठी खाली ठेवून ती म्हणाली, "मी आज घरी जाऊन आबाजीले इचारनार हाओ."

कोणी हसलं नाही.

फाटकापर्यंत वनिता सोबत आली. मी विचारलं, "आता तुला कसं वाटतं?"

"ते नका विचारू, सर," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटेल असं काही मी सांगणार नाही. माझा दुसरा कागद तिकडे फायलीत आहे अजून. त्याचं पाहा."

परतताना

अकोल्याहून मूर्तिजापूर आणि तिथून पुढे बसने त्या गावी गेलो. शाळेला रंग दिला आहे, पाण्याला नळांची रांग आहे. मुलं मधल्या सुट्टीत नळाखाली तोंड घालून पीत होती. मुख्याध्यापक बाई आहेत, चाळिशीच्या, बोलायला ठसकेबाज. मला पाहून उठल्या. "या सर, या. तुमचा फोटो तं लावेल हाये आमच्या व्हरांड्यात."

मी अकोल्याला वाचलेला माझा कागद पुढे केला. म्हणालो, "जुन्या फायलीत एका विद्यार्थिनीचं माफीपत्र आहे. ते खोटं आहे. त्याच्या वर हा कागद लावायचा आहे."

त्यांनी चहा सांगितला आणि वाचायला सुरुवात केली. मध्यावर आल्यावर चहा आला, तो त्यांनी हातानेच बाजूला केला. वाचून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर नळाकडे पाहिलं.

"सर, फाईल मी काढते. लावते बी." मग त्यांचा आवाज बदलला. "पण पोरं रोज त्या फोटोखालून जातेत. इचारलं तं काय सांगू, हे कोन म्हून?"

"यातलं सांगा," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. कागद पुन्हा उचलला आणि पहिल्या ओळीपासून, या वेळी मोठ्याने, वाचायला लागल्या. बाहेरच्या खोलीतला कारकून उठून दाराशी आला. मी उभा राहून ऐकत होतो.